न ओढलेली सिगारेट

मी आयुष्यात एकदाही सिगारेट ओढलेली नाही. तरी मागच्या वर्षी मी ती सोडली.

सुरुवात खंबाटकी घाटात झाली. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. एसी चालू, मागे सासूबाई, डिकीत लग्नाचा आहेर. ऐन चढावर एक लालपरी आम्हाला मागे टाकून गेली आणि तिच्या खिडकीतल्या एका आजींनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. आमची गाडी १२४८ सीसीची डिझेल. हे इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की गाडीवेडे त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. त्याचा कारभारही सरकारी. २००० आरपीएमच्या आसपास टर्बो जागा होतो, तोवर फाईल हलत नाही.

घरी आल्यावर मी गुपचूप साडेआठ हजारांचा थ्रॉटल कंट्रोलर मागवला. काडेपेटीहून जरा मोठा डबा, दोन बटणं, निळे आकडे, आणि 'इको'पासून 'रेस'पर्यंतचे मोड.

हल्लीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पॅडल किती दाबलं ते सेन्सर व्होल्टेजच्या भाषेत इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला कळवतो. हा डबा त्या दोघांच्या मध्ये बसतो. पाय तीस टक्के दाबला की वर साठ सांगतो. थोडक्यात, खोटं बोलतो. पॅडलमध्ये सेन्सरही दोन असतात. बहुतेक गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतं, आणि हिशेब जुळला नाही की ईसीयू डॅशबोर्डवर दिवा पेटवतो. म्हणून डब्याला दोन्ही साक्षीदार पढवून ठेवावे लागतात. मला याचं फार कौतुक वाटलं. तीच वेळ माझ्यावर येणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

जोडणी दहा मिनिटांत झाली. खरा प्रश्न होता, बायकोला दिसणार नाही असा डबा लावायचा कुठे?

पहिली जागा स्टिअरिंगखाली, बॉनेटच्या खटक्याशेजारी. रविवारी पहाटे पार्किंगमध्ये मी डोकं पॅडलपाशी आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत डबल टेप लावत होतो. तेवढ्यात वॉचमन आला.

"साहेब, चक्कर आली का?"

"नाही रे, नाणं पडलंय."

बिचारा टॉर्च घेऊन माझ्या शेजारी आडवा झाला. शेवटी मी खिशातलं पाच रुपयांचं नाणं हळूच खाली टाकलं आणि त्याच्याकडून शोधून घेतलं.

मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते. चौथ्या दिवशी सिग्नलला टेप सुटली आणि डबा वायरीला लोंबकळत थेट ब्रेकपाशी आला. घाबरून मी तो पायाने सारला, तर 'रेस' लागला. हिरवा दिवा लागताच गाडीने अशी झेप घेतली की शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसरी जागा मात्र अफलातून होती. ॲशट्रे! कधीच न वापरलेली. आतला तळ स्पिरिटने पुसला, मागे भोक पाडून वायर ओढली, डबा वेल्क्रोने बसवला. झाकण बंद केलं की ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. अडचण एकच. मोड बदलायला ॲशट्रे उघडावी लागे, आणि बायको गाडीकडे येताना दिसली की ती खाडकन बंद करावी लागे.

एका रात्री तिने शांतपणे विचारलं, "कधीपासून चाललंय?"

सापडलो. म्हटलं, "तीन आठवडे."

"दिवसातून किती?"

"दोन-तीनदा. घाटात जरा जास्त."

तिचे डोळे भरून आले. "बाबांचं काय झालं ते बघितलंयस ना तू? त्यांनाही आधी दोन-तीनच लागायच्या!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका पारड्यात साडेआठ हजार, दुसऱ्यात सिगारेट. मी सिगारेट कबूल केली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंकडून भाजलेला ओवा आणि ज्येष्ठमध सुरू झालं. मेहुण्याने बाजूला घेऊन सहानुभूतीने एक सिगारेट मागितली. छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं एकदम स्वच्छ." बायको म्हणाली, "वेळेत लक्षात आलं म्हणून."

महिन्याभराने ती गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेली. संध्याकाळी जेवायला बसलो, तर पोळ्यांच्या डब्याशेजारी माझा डबा.

"याने शक्ती वाढते?"

"नाही."

"मायलेज?"

"नाही."

"मग?"

"पाय थोडा दाबला, की जास्त दाबल्यासारखं होतं."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "मग पायच जास्त दाबायचा ना!"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मोडमध्ये नव्हतं.

आता ॲशट्रेत ओवा असतो आणि मागच्या भोकातून थोडा थोडा गळतो. सासूबाईंना खरं सांगायचा धीर अजून झालेला नाही. दर फोनला त्या काळजीने विचारतात, "जावईबापू, सुटली ना?"

मी म्हणतो, "सुटली." डबल टेपपुरतं ते खरंच आहे.