दिवे कसे लावावेत

मुलाने दहावीत जे दिवे लावले त्यांचा या लेखाशी संबंध नाही. इथे फक्त छताला, भिंतीला आणि देव्हाऱ्यात लावायच्या दिव्यांचा विचार केला आहे, तोही वीज वाचवण्याच्या उदात्त हेतूने.

पूर्वतयारी म्हणून घरातल्या सर्व सज्ञान माणसांना एकत्र बसवून ‘साठचा बल्ब’ हे शब्द विसरायला लावावेत. वॉट म्हणजे दिवा किती खातो; उजेड किती पाडतो ते ल्युमेन सांगतात. जुना साठचा बल्ब सातशे-आठशे ल्युमेन द्यायचा आणि उरलेल्या विजेवर स्वतःच तापत बसायचा. 9 वॉटचा एलईडी नऊशेच्या आसपास देतो. हे पाठ करूनच वडिलांना दुकानात न्यावे. तरीही काउंटरवरच्या होल्डरमध्ये बल्ब लखलखत असताना वडील विचारतीलच, “नऊचाच? जरा मोठा दाखवा.” अशा वेळी वाद न घालता पिशवीवर हिशेब मांडावा : रोज 5 तास लावला तर साठच्या जागी नऊचा, वर्षाला 93 युनिट वाचतात. वडील हिशेब तपासतील, बरोबर आहे म्हणतील आणि बाराचा घेतील.

मग रंग. खोक्यावर 6500 के असेल तर उजेड निळसर पांढरा, 3000 के असेल तर पिवळसर. आकडा मोठा तेवढा उजेड थंड, हे भौतिकशास्त्र. पांढऱ्यात घर दवाखान्यासारखं दिसतं आणि पिवळ्यात ढाब्यासारखं, हे गृहशास्त्र. मधला 4000 आणावा, म्हणजे दोन्ही पक्ष सारखेच नाराज होतात. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात सीआरआय असतो, तो मात्र 80च्या खाली नको. कपाटाजवळ 90चा मिळाला तर उत्तम. नाहीतर घरातून चिंतामणी म्हणून नेसून निघालेली साडी कार्यालयात पोचेपर्यंत भलत्याच रंगाची झालेली असते, आणि त्याचा दोष दिव्याला कुणी देत नाही.

आता झिरोचा बल्ब. शून्याचा शोध भारतात लागला, तो आपण या बल्बात जपून ठेवला आहे. नाव झिरो, पण खातो 12 ते 15 वॉट. रात्रभर दहा तास जळला तर वर्षाला 55 युनिटपर्यंत. वर सांगितलेला हॉलमधला नऊचा बल्ब रोज 5 तास लावून वर्षाला साडेसोळा खातो. म्हणजे घरात सगळे जागे असताना जेवढी वीज लागते, तिच्या तिप्पट आपण झोपेत घालवतो. अर्ध्या वॉटचा रात्रदिवा मिळतो, तो दोन युनिटांत वर्ष काढतो. पण त्याला झिरो म्हणता येत नाही, आणि ‘अर्ध्याचा लाव गं’ हे कानाला बरं वाटत नाही.

बचतीचा परमोच्च बिंदू फॉल्स सीलिंगमध्ये आहे. पूर्वी हॉलला एक ट्यूब असे. चाळीसची, तांब्याचा चोक धरून पन्नासच्या वर. लावल्यावर ती स्टार्टरशी थोडा वेळ हुज्जत घालायची आणि मग पेटायची. आता पीओपीवाला विचारतो, “साहेब, लाइट किती?” एलईडी आहेत, खातात किती, या विचाराने आपण चौदा सांगतो. प्रत्येकी 12 वॉट म्हणजे 168, कडेच्या पट्ट्यांचा हिशेब वेगळा. अशा रीतीने एका ट्यूबची तिप्पट वीज जाळून आपण ऊर्जाबचत साध्य करतो. शिवाय त्यांतले चारच एकदम लावायची सोय वायरमनने ठेवलेली नसते. एका बटणावर चौदा.

बल्ब बंद केला तरी अंधारात मिणमिणत राहिला तर घाबरू नये, आत्याला तर मुळीच सांगू नये. बटणात इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारी इवलीशी वीजही एलईडीला पुरते. तो नसेल, तर वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असण्याची शक्यता आहे. मग बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये करंट असतो. हे विडंबन नाही, बदलून घ्या.

टिकाऊपणाबद्दल खोक्यावर 25,000 तास लिहिलेले असतात. रोज 5 तासांच्या हिशेबाने पावणेचौदा वर्षं. एलईडीला मात्र आतल्या सर्किटची गर्मी मारते. त्यामुळे काचेच्या बंद हंडीत तो कोंडू नये. आम्ही कोंडला, कारण हंडी आजोळची. चौदाव्या महिन्यात गेला. वॉरंटी दोन वर्षांची होती, बिलही जपून डब्यात ठेवलं होतं. काढलं तर गुळगुळीत पांढरा कागद. वरची शाई बल्बाच्या आधी गेलेली. दुकानदाराने तो कागद उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि आदराने परत दिला.

राहता राहिला देव्हारा. तिथला लाल झिरो काढून मी अर्ध्या वॉटचा लावला. आईने सकाळी पाहिला, काही बोलली नाही. संध्याकाळी आलो तर दोन्ही लागले होते.

“हा तुझा,” ती म्हणाली, “आणि तो देवाचा.”