आधीचं वाचलंय?

पुस्तक भिशी हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेले पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची आणि ज्याचं नाव निघेल त्याने त्या पैशांची पुस्तकंच घ्यायची. साडी घेतलेली चालत नाही. मग ज्याच्या घरी बैठक असेल त्याच्याकडचे पोहे खात आपण महिनाभरात काय वाचलं ते सगळ्यांना सांगायचं. पाच मिनिटांत आटपायचं असा नियम आहे. तो कोणी पाळत नाही. आधीचेकाका मात्र पाळतात, कारण त्यांचं काम तीन शब्दांत होतं.

“त्यांचं आधीचं वाचलंय?”

काकांचं खरं आडनाव निराळं आहे, पण भिशीतल्या निम्म्या लोकांना ते आठवत नाही. काकांची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. कुठलंही खातं उघडलं की आधी आरंभीची शिल्लक बघायची, ही सवय हाडीमाशी खिळलेली. तुम्ही त्यांच्या हातात कोरं करकरीत पुस्तक दिलंत तर ते मुखपृष्ठ बघत नाहीत, मलपृष्ठ वाचत नाहीत. शीर्षकाच्या मागचं पान उघडतात, खिशातलं भिंग काढतात आणि आवृत्त्यांच्या तारखा तपासतात. मग “हं” म्हणतात. त्या “हं”चा अर्थ असा, की तुमच्याकडे सातवी आवृत्ती आहे आणि त्यांच्याकडे पहिली.

एकदा एका तरुण मुलाने ‘कोसला’वर मनापासून बोलायला सुरुवात केली. बिचारा पांडुरंग सांगवीकरच्या प्रेमात पडून आला होता. काकांनी त्याला दुसऱ्या वाक्याला थांबवलं. “तुझी प्रत पॉप्युलरची ना? आमची देशमुखांची आहे, 1963 ची.” मुलगा म्हणाला, “काका, मजकूर तोच असेल ना?” काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या मुलाने पुढच्या महिन्यात शेअर बाजारावरचं पुस्तक आणलं.

आता कोणी म्हणेल, असे लोक आतून पोकळ असतात, कुठून तरी नावं पाठ करून येतात. तसं असतं तर किती बरं झालं असतं! ढोंग्याला एखाद्या दिवशी उघडं पाडता येतं. काकांची पंचाईत ही, की त्यांनी खरोखरच वाचलेलं असतं. आणि ते त्यांना पानासकट आठवतं.

आम्ही त्यांना कोंडीत पकडायचे बरेच डाव टाकले. एका बाईंनी मुद्दाम विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ निवडलं. 1939 ची ही कादंबरी, आणि बेडेकरांनी कादंबरी म्हणून लिहिली ती हीच. आता आधीची कादंबरी आणणार कुठून? काकांनी पोह्यातली मिरची शांतपणे बाजूला काढली. “‘ब्रह्मकुमारी’ वाचलंय? नाटक आहे. 1933 चं.” दुसऱ्या एकींनी बहिणाबाई आणल्या. स्वतः निरक्षर, कवितांचं पुस्तक निघालं तेच त्यांच्या निधनानंतर, 1952 साली. आता तरी सुटका व्हावी? काका म्हणाले, “पुस्तक राहू द्या. सोपानदेवांनी ज्या वहीत आईच्या कविता उतरवून ठेवल्या होत्या, ती वही कधी पाहिलीत?” ती वही काकांनी तरी पाहिली होती का, हे विचारायचं भान त्या वेळी कोणालाच राहिलं नाही. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक तर थेट ‘ज्ञानेश्वरी’ घेऊन आले. त्यांना ‘विवेकसिंधू’ मिळाला. मुकुंदराज शंभर वर्षं आधीचे मानतात, एवढी पुरवणीही मिळाली.

आवडता लेखक कोण, हा प्रश्न काका स्वतः विचारत नाहीत, पण दुसऱ्याने विचारला की कान टवकारतात. तुम्ही व. पु. काळे म्हणालात तर ते फक्त मान हलवतात, पेशंटचा रिपोर्ट बघून डॉक्टर हलवतात तशी. भैरप्पा म्हणालात, की विचारतात, “उमाताईंच्या अनुवादात ना?” यात उमा कुलकर्णींना कमी लेखायचं नसतं. पण मूळ कन्नड हे अनुवादाच्या आधीचं, त्याला ते तरी काय करणार? काकांना स्वतःला कन्नड येत नाही. शिकायला घेतलंय असं बरेच दिवस ऐकते आहे.

नोबेलचा दिवस त्यांचा विशेष. ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी दुपारी स्टॉकहोमहून नाव जाहीर झालं, की आपण सगळे उच्चार शोधत बसतो. 2024 ला हान कांग यांचं नाव आलं आणि त्यानंतरच्या भिशीत तीन जण ‘द व्हेजिटेरियन’ घेऊन हजर. त्यातल्या एका आजोबांनी ते नातवाकडून मागवलं होतं ते आहारावरचं पुस्तक समजून. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. काकांनी तिघांकडेही कीव केल्यासारखं पाहिलं आणि सांगितलं, की बाईंनी सुरुवात कवितेपासून केलेली आहे.

माझी स्वतःची कथा जी. ए. कुलकर्णींमुळे घडली. मी ‘काजळमाया’वर बोलले. चांगलं बोलले असावे, कारण पोह्यांचा दुसरा घाणा येईपर्यंत कोणी उठलं नव्हतं. काका म्हणाले, “उत्तम. साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केलेलं पुस्तक. ‘रक्तचंदन’ वाचलंय?” नव्हतं वाचलं. ईर्ष्येने वाचलं आणि पुढच्या खेपेला छाती काढून गेले. “‘हिरवे रावे’?” तेही वाचलं. “‘पारवा’?” तोही. एव्हाना घरात सगळे मला घाबरून होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं मी सोडून दिलं होतं. शेवटी ‘निळासावळा’ हाती लागलं. 1959 चं, जी. एं.चा पहिला कथासंग्रह. याच्या खाली जिनाच नाही, आता उतरून दाखवा म्हणावं!

त्या बैठकीला मी पैठणी नेसून गेले होते, हे इथे सांगायला हरकत नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मधे बोलले नाहीत. चहा संपवला. मग म्हणाले, “या कथा पुस्तकात आल्या त्या झाल्या. ‘सत्यकथे’चे मूळ अंक पाहिलेत का?”

मागच्या बाजूला काकू बसल्या होत्या. त्या भिशीत कधी बोलत नाहीत, पुस्तकं मात्र सगळ्यांआधी वाचून परत करतात. त्या दिवशी त्यांनी विणकाम खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, “अहो, पण तुम्हाला ‘काजळमाया’ कशी वाटली, ते सांगा ना सगळ्यांना.”

काका म्हणाले, “ती काय, सगळेच वाचतात.” आणि भिंग पुसायला लागले.

यावर भिशीत पुष्कळ चर्चा झाली, अजून होते. काहींच्या मते काकांनी ‘काजळमाया’ वाचलेलीच नाही. माझं मत तसं नाही. त्यांनी वाचली आहे, आवडलीही आहे. पण चारचौघांना आवडलेलं पुस्तक आपल्यालाही आवडलं हे कबूल करायला माणसाला थोडा धीर लागतो, आणि तो ऑडिट खात्यात शिकवत नाहीत. शिवाय त्यांच्या त्या तीन शब्दांपायी माझे जी. एं.चे पाच संग्रह वाचून झाले, तेही उलटे, शेवटून सुरुवातीकडे. सुलट वाचणाऱ्याला त्या कथा अधिकाधिक कडू होत जाताना दिसतात. मला त्या हळूहळू निवळत जाताना दिसल्या. हे काकांना कोणी सांगू नये ही विनंती.

आणि आणखी एक. कोणाच्या माळ्यावर ‘सत्यकथे’चे 1959 च्या आधीचे अंक पडून असतील तर कृपया कळवावे. पुढची भिशी जवळ आली आहे. अंक कव्हर घालून परत करीन.