ऊर्फ आणि तथा

अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० हा अर्ज भरताना मध्येच एक प्रश्न येतो: आपण कधी दुसरं नाव वापरलं आहे का? लग्नाआधीचं, धार्मिक, व्यावसायिक, टोपण? हा प्रश्न वाचून लेखकमहाशयांची छाती फुगली. पॅनकार्डाच्या अर्जाने त्यांना आद्याक्षरंसुद्धा लावू दिली नव्हती, आणि इथे परकं सरकार आपणहून टोपणनाव विचारत होतं! तरुणपणी त्यांनी एका स्त्रीच्या नावाने चार कविता छापल्या होत्या. त्या कुणी वाचल्याचा पुरावा नव्हता. आता निदान वकिलात तरी वाचणार होती.

आणखी एका रकान्यात पूर्ण नाव मातृभाषेच्या लिपीत लिहायचं होतं. तिथे त्यांनी पुस्तकावर सही देताना देतात तशा ऐटीत देवनागरी टाइप केलं. या सगळ्या थाटात वीसेक मिनिटं कळ न दाबल्याने पान आपोआप बंद झालं, ही गोष्ट वेगळी.

खरी रड पुढे होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी. पासपोर्टावर आडनाव स्वतंत्र, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव एकाच खोलीत कोंबलेलं. बँकेत आडनावाला डब्ल्यू, पासपोर्टात व्ही. आधारावर वडिलांच्या नावापुढे 'राव', बाकी कुठेच नाही. वडील हयात असताना तो 'राव' न लावणाऱ्याशी बोलत नसत. "काका, हे राव कोण?" एजंटाने विचारलं. आधारावरचे आणि पॅनवरचे आपले वडील एकच होते, हे लेखकमहाशयांनी त्याला पटवून सांगितलं. "तसं लिहून आणा," तो म्हणाला.

पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खणांच्या. पहिल्या ओळीतले पाच खण पासपोर्टाची आणि देशाची खूण खाते. उरलेल्या ३९ खणांत माणूस, त्याचा बाप आणि त्याचं आडनाव. मावलं तर मावलं. उलट ज्याच्या आडनावाचा रकाना मोकळा, त्याचं सगळं नाव अमेरिका आडनावात ढकलते आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापते, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. २०२२च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने तर पासपोर्टावर एकच शब्द असलेल्यांना पर्यटक म्हणून घ्यायचंच नाकारलं. माणिक गोडघाटे नुसते 'ग्रेस' म्हणून दुबईला निघाले असते, तर काउंटरवरूनच परत!

इथे लेखकमहाशयांची गाडी साहित्याकडे वळली आणि बराच वेळ परत आली नाही. त्यांचं म्हणणं असं की, मराठीला पहिली तीन ज्ञानपीठं ज्यांच्यामुळे मिळाली, त्या तिघांच्याही फायली कुठल्याही एजंटाने तोंडावर फेकल्या असत्या. १९७४चे वि. स. खांडेकर जन्मले गणेश आत्माराम म्हणून. दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. १९८७चे वि. वा. शिरवाडकर जन्मले गजानन रंगनाथ. तेही दत्तक गेले, तेही विष्णु झाले, आणि वर कुसुम या बहिणीचे थोरले भाऊ म्हणून कुसुमाग्रज. दोघेही जन्माने गणपतीकडचे, कागदोपत्री विष्णूकडचे! २००३चे गोविंद विनायक करंदीकर, त्यांनी 'गो'ला रजा दिली आणि विंदा झाले. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रजाच्या आणि विनोद बाळकरामाच्या खात्यात जमा केला. चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'आरती प्रभू' म्हणून अर्ज केला असता, तर लिंगाच्या रकान्यापाशी काय झालं असतं? या परंपरेत आपण बसतो, असं लेखकमहाशयांना मनापासून वाटतं. परंपरेला तसं वाटत नाही.

"झालं असेल तर माझा अर्ज भरा," बायको म्हणाली.

तिच्या अर्जात साहित्य नव्हतं. दाखल्यावर एक मुलगी होती, पासपोर्टावर दुसरीच बाई. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव कोरलं गेलं. ते नाव लेखकमहाशयांनी निवडलेलं, तेव्हा ऐन भरात असलेल्या त्यांच्या कवितेतल्या नायिकेचं. पुढे रेशनकार्डाने ते मान्य केलं, मग बाकीच्या कागदांनी. पण विवाहनोंदणीच्या दाखल्यावर फक्त माहेरचं नाव. त्या मुलीची ही बाई नेमकी कधी झाली, याचा कागदच नाही. तांदूळ तर त्याच दिवशी शिजले असणार.

कोर्टामागच्या गल्लीत टायपिस्टाने छापील मजकूर काढला: मी शपथेवर लिहून देते की, ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. त्याने माहेरचं नाव टाइप केलं. तिने पडद्यावर वाकून पाहिलं. "डबल ई आहे," ती म्हणाली. "आमच्या बाईंनी सातवीत लिहून दिलं होतं." त्याने दुरुस्त केलं. तिने पुन्हा पाहिलं, तेवढंच नाव. खालचा शपथेचा मजकूर तिने वाचलाही नाही. घरात ते नाव घेणारं आता कुणी उरलेलं नव्हतं; लेखकमहाशयांनाही स्पेलिंग ठाऊक नव्हतं.

इथे त्यांना राग आला, आणि तो विनोदात बसेना. नाव बदलायचं ठरवलं चारचौघांनी, अक्षता टाकल्या दोनशे जणांनी, आणि शपथ घ्यायची तिने एकटीने. गावांना कुणी असं विचारत नाही. १९७८ साली पूनाचं पुणे झालं, २०२४मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. सरकारने राजपत्रात छापलं, काम संपलं. 'पूर्वीचं नगर आणि आताचं नगर एकच' असं स्टॅम्पपेपरवर कुठल्या शहराने लिहून दिलंय? तिच्या पासपोर्टावर जन्मस्थळ अहमदनगर आहे. म्हणजे ज्या गावी ती पहिलं नाव घेऊन जन्मली, ते गावही सासरी गेलं.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने स्वतःच्या नावानंतर आईचं नाव घातलं आहे, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलंच झालं. ३९ खणांचं काय ते यंत्र बघेल. आईचं नाव माहेरचं की ताटातलं, एवढंच घराघरात ठरायचंय.

मुलाखतीच्या खिडकीपाशी अधिकाऱ्याने तिचा अर्ज वर-खाली पाहिला, प्रतिज्ञापत्र मागितलंच नाही. मग लेखकमहाशयांकडे वळून त्याने विचारलं, हे बाईचं नाव तुमचं? याच क्षणासाठी त्यांची तयारी होती. त्यांनी खांडेकरांपासून सुरुवात केली. ते दत्तकविधानापर्यंत आले, तेव्हा अधिकाऱ्याने परत कधी येणार म्हणून विचारलं.

"दिवाळीच्या आधी," बायको म्हणाली, आणि त्याने दोघांचेही पासपोर्ट ठेवून घेतले.