फक्त दोनदा वापरलेला कटर

मे महिना लागला की कोकणातल्या गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. चिऱ्याच्या पायरीवर ठेवलेला केशरी चेन सॉ, शेजारी अर्धी भरलेली तेलाची बाटली आणि खाली मजकूर: ‘कटर विकणे आहे. फक्त दोनदा वापरलेला. साडेतीन हजार.’ मुंबईत नोकरी आणि गावाला घर असलेल्या माणसाला तो फोटो पाहताच कौलांवर आलेली फणसाची फांदी आठवते, मागच्या पावसात पडवीवर कोसळलेली झावळ आठवते, चारदा फोन करूनही न आलेला गडी आठवतो. आपलंच मशीन असलं तर कुणाच्या पाया पडायला नको, असं म्हणून तो संध्याकाळपर्यंत सौदा पक्का करतो.

करू नका. साडेतीन हजार जास्त आहेत म्हणून नव्हे. वर्षातून तीन-चार वेळा, तेही तासभर, असा घरगुती वापर पेट्रोलच्या चेन सॉला मानवतच नाही. रोज लाकूड कापणाऱ्याच्या हातातलं मशीन वर्षानुवर्षं चालतं, कारण त्याची टाकी रोज रिकामी होते आणि साखळीला रोज कानस लागते. माळ्यावर ठेवलेलं मशीन पडल्यापडल्या बिघडतं. म्हणून ‘फक्त दोनदा वापरलेला’ हे शब्द कानावर आले की पहिला प्रश्न विचारायचा: मग मधल्या काळात टाकीत काय होतं?

बहुधा पेट्रोलच होतं. आज पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि चेन सॉ बनवणाऱ्या अनेक कंपन्यांच्या पुस्तिका १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका म्हणतात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. पुरेसं पाणी मुरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं टू-टी ऑइल वर राहतं. इंधन ओढणारी नळी तळाशी असते. दोरी ओढली की इंजिनाला पहिला घोट मिळतो तो बिनतेलाचा. या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी सोय नाही, इंधनातून येईल तेवढंच तेल. ते आलं नाही की पिस्टन सिलिंडरवर कोरडा घासतो. कार्ब्युरेटरमधला पातळ रबरी पडदा कडक होऊन बसतो, ते दुखणं आणखी निराळं.

तरीही घ्यायचाच असेल, तर बघायला दिवसाउजेडी जा आणि मशीन थंड असताना जा. पोचल्यावर आधी सायलेन्सरजवळ हात नेऊन पाहा. गरम लागला तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच मशीन चालू करून ठेवलं आहे. तासाभराने परत येतो म्हणा. थंड मशीन चार-पाच ओढींत सुरू झालं पाहिजे. मग पाच मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा दोरी ओढा. गार असताना चालू होणारं आणि तापल्यावर रुसणारं मशीन असेल, तर बऱ्याचदा कॉम्प्रेशन उतरलेलं असतं.

त्याहून खात्रीचा उपाय आहे आणि तो कुणीच करत नाही. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट सोडवा. तो बाजूला केला की आत धूर बाहेर पडायचं भोक दिसतं आणि त्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. मोबाइलचा टॉर्च मारा, दोरी हळूहळू ओढून पिस्टन खालीवर करा. बाजू गुळगुळीत, सारख्या रंगाची दिसली तर इंजिनाला तेल मिळत आलंय. उभे ओरखडे दिसले, नखाला लागले, तर ते इंजिन संपलं आहे. आज सुरू होतंय एवढ्यावर जाऊ नका. विकणारा सायलेन्सर काढू देत नसेल तर चहा पिऊन घरी या. आणखी एक विचारा: लिटरला टू-टी किती टाकता? चांगल्या कंपन्यांच्या मशीनला चांगलं तेल वापरून लिटरला २० मिली लागतं, बऱ्याच स्वस्त चिनी मशीनच्या पुस्तिकेत ४० मिली लिहिलेलं असतं. ‘अंदाजाने एक झाकण’ हे उत्तर आलं तर पुढचं बघायची गरज नाही.

इंजिनाचं एवढं सांगितलं, पण इंजिन बिघडलं तर फार तर पैसे जातात. घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची लांबी मोजतो, सीसी विचारतो आणि ब्रेककडे ढुंकूनही पाहत नाही. मला खरा राग आहे तो याचा.

पुढच्या मुठीसमोर जो उभा प्लास्टिकचा पंजा असतो तो शोभेचा नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडात, फांदीत, दुसऱ्या ओंडक्यावर नुसता टेकला तरी साखळी तिथे अडकते आणि सगळी पट्टी वर, कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास असतो. ‘मी सावध असतो’ म्हणणाऱ्याला सावध व्हायलाही वेळ मिळत नाही. त्या क्षणी तो पंजा मनगटावर आपटून किंवा झटक्याने आपणहून पुढे जातो, आत ब्रेकची पट्टी आवळली जाते आणि साखळी थांबते. जुन्या मशीनमध्ये ही पट्टी झिजलेली असते, तेलकट भुशाने भरलेली असते, किंवा ‘मध्येमध्ये लागतो’ म्हणून कुणीतरी पंजाच काढून टाकलेला असतो. असं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये.

तपासणी सोपी आहे. मशीन दोन्ही हातांनी पकडा, थोडी रेस द्या आणि डाव्या मनगटाने पंजा पुढे ढकला. साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. रेस सोडून नुसतं चालू ठेवा: साखळी अजिबात हलता कामा नये. ती सरकत असेल तर तुम्ही फांदीवरून पाय बदलत असताना ती तुमच्या मांडीजवळ फिरत असणार. मागच्या मुठीवरची कळ दाबल्याशिवाय रेसचा खटका दाबला गेला तर तेही नको. पट्टीच्या बुडाशी, खालच्या बाजूला, तुटलेली साखळी अडवणारी खुंटी असते. ती जागेवर आहे का, वाकून बघा.

मग दात. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात लाकूडतोडीचं काम करणाऱ्या जो कॉक्स यांनी १९४६ साली एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने कापत पुढे जात होते. त्यावरून त्यांनी साखळीचा दात बनवला आणि आज आपल्या हातातल्या साखळ्या त्याच घडणीच्या असतात. असा एक दात जवळून पाहण्यासारखा आहे. मागे वळलेलं धारदार पातं, त्याच्या पुढे एक ठेंगणा खुंट. पात्याने किती खोल चावायचं ते खुंट ठरवतो. पात्याला गोल कानस लागत गेली की पातं खाली जातं, मग खुंटही केसभर घासावा लागतो. घासलाच नाही तर साखळी लाकडावरून नुसती सरकते आणि कापणारा अंगाचा भार टाकून मशीन दाबत राहतो. जास्त घासला तर दात खोल रुततो आणि मशीन उसळतं. साखळीला धार आहे की नाही ते ओंडका कापताना बाहेर काय पडतं त्यावरून कळतं: ढलपे पडले तर धार आहे, पीठ पडलं तर गेली. घरी वापरणारा माणूस ओंडका जमिनीवरच ठेवून कापतो, साखळी आरपार जाऊन चिऱ्याला किंवा मातीला लागते आणि क्षणात धार उतरते. माडाच्या बुंध्याचा बाहेरचा भाग तर इतका कठीण असतो की चांगली साखळीही लवकर बोथट होते. ज्याला कानस धरता येत नाही त्याने चेन सॉ घेऊ नये. मग तो नवा असो की जुना.

ही हौस कुठून आली ते मला माहीत आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीकडच्या वाड्या आडव्या झाल्या, पोफळी काडीसारख्या मोडल्या, रस्ते बंद झाले आणि ज्याच्याकडे कटर होता त्याच्या वाटेकडे सगळी वाडी डोळे लावून बसली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्यालगत गेलं. ते दिवस काढलेल्या माणसाला घरात कटर असावा वाटणं साहजिक आहे. पण वादळात पडलेलं झाड हे नवशिक्याने हात लावायचं झाड नव्हे. आडव्या पडलेल्या खोडाची एक बाजू ताणलेली असते, एक दबलेली. दबलेल्या बाजूने कापायला घेतलं की पट्टी आत चिमटते. ताणलेल्या बाजूने खोलवर गेलं की खोड फाटून अंगावर येतं. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मातीचा गड्डा मुळांसह पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो, आणि त्या खड्ड्याशी मुलं खेळत असतात. वर्षातून दोनदा मशीन हातात घेणारा माणूस नेमका याच झाडांपासून सुरुवात करतो.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे. आंबा, फणस, साग, खैर, चिंच, जांभूळ ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. घरात मशीन आलं की परवानगीची वाट बघायचा धीर आधी सुटतो.

मग घरासाठी काय घ्यावं? मनगटाएवढ्या फांदीला घडीची चांगली करवत पुरते. ओल्या लाकडात ती भराभर चालते आणि पेट्रोल मागत नाही. उंच फांदीला बांबूच्या टोकाला बांधलेली करवत. सरपण पाडायचं असेल तर विजेवरचा छोटा चेन सॉ नवा घ्या, वॉरंटीसकट, ब्रेकसकट. महिनोन् महिने पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. दोन हजार वॅटच्या मशीनला नऊ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, तेव्हा १५ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर हवी. मिक्सरच्या प्लगमधून पातळ एक्स्टेंशन ओढून तो चालवू नका. त्याची साखळीही पेट्रोलच्या साखळीइतकीच कापते, हे विसरू नका. ग्राइंडरला लावायची पट्टी आणि साखळी हल्ली स्वस्तात विकली जाते. तिला ना ब्रेक, ना मागची कळ, ना धड धरायला मूठ. ती विकणाऱ्यांना माणसाच्या बोटांची पर्वा नाही.

आणि मोठ्या कामाला माणूस बोलवा. गावात कटरवाला असतोच. त्याचा हात बसलेला असतो, कुठली फांदी कुठे कलेल ते तो खालून बघून सांगतो. पण त्याच्या पायात बघा: स्लिपर. डोक्यावर टोपी, तीही उन्हाची. कानांत काही नाही, आणि मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर. कमरेला दोरी असली तर असली. डावी मांडी, डावा गुडघा, डावा हात इथे साखळी सर्वांत जास्त लागते आणि नेमकं तिथे त्याच्या अंगावर हाफ पँट असते. आपण अंगणात खुर्ची टाकून त्याला वर चढताना बघतो आणि पाचशे रुपये कमी करायला सांगतो. याची लाज वाटायला हवी.

ते साडेतीन हजार इथे घाला. जाळीचं झाकण आणि कानांवरचे मफ असलेलं हेल्मेट, बळकट बूट, कामाचे हातमोजे. हात सैल सोडता आला तर साखळी अडकवणारी पँटही घ्या. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि साखळी थांबते. हे सामान घरात ठेवा, दरवर्षी तेच उपयोगी येईल. कटरवाल्याला मेच्या पहिल्या आठवड्यातच बोलवा, पाऊस डोक्यावर आल्यावर तोही घाईत असतो. चढण्याचे पैसे कापण्याच्या पैशांपेक्षा वेगळे धरा. आणि सांगा, ‘दादा, हे घालूनच चढायचं.’ उकडतं म्हणून तो नको म्हणाला, तर काम दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ठेवा.