चिठ्ठी आहे का?

गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत अण्णांचा पहिला प्रश्न तयार असतो, "चिठ्ठी आहे का?" नमस्कार नाही, या-बसा नाही. सांगलीत औषधाच्या दुकानाला मेडिकल म्हणतात आणि मेडिकलवाल्याला निदान हसता यावं, अशी लोकांची माफक अपेक्षा असते. अण्णांना ते परवडत नाही. हसलं की माणूस उधारी मागतो, नाहीतर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक.

अण्णा नावाचा हा प्राणी तुमच्याही गावात असेल, बहुधा एकच. ओळखायची खूण सोपी. भिंतीवरच्या फ्रेममधल्या प्रमाणपत्रातला माणूस आणि काउंटरमागचा माणूस इथे एकच असतो. एरवी प्रमाणपत्र एकाचं आणि गल्ला दुसऱ्याचा, अशी भागीदारी पुष्कळ ठिकाणी सुखाने नांदते. 2012 साली एफडीएने महाराष्ट्रात फार्मासिस्ट हजर आहे का हे तपासत कारवाईचा धडाका लावला, तेव्हा औषध विक्रेते संपाची भाषा बोलू लागले. अण्णा तेवढे खुशीत होते. आयुष्यात पहिल्यांदा सरकार आपल्या बाजूने आहे, असं त्यांना वाटलं होतं.

"अण्णा, सेफिक्झीमच्या दोन गोळ्या द्या. ताप आलाय."

"चिठ्ठी?"

"मागच्या वेळेला डॉक्टरांनी हीच दिली होती की."

"मागच्या वेळेचा ताप मागच्या वेळेला गेला. चिठ्ठी?"

मग शेड्यूल एच वनचं प्रवचन. 2014 च्या मार्चपासून हा नियम लागू आहे. सुरुवातीला यादीत 46 औषधं होती. ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. गिऱ्हाईक ऐकत नाही. ते शेजारच्या दुकानात पोहोचलेलं असतं. शेजारी दोन गोळ्या मिळतात, वर एक अ‍ॅसिडिटीची मिळते, आणि "काका, पाणी भरपूर प्या" हा सल्ला फुकट. अण्णांचं प्रवचन मात्र पुढे चालूच राहतं, कारण ऐकायला त्यांच्या दुकानात पोऱ्या आहे.

स्ट्रिप कापण्याच्या बाबतीत तर ते सोनारापेक्षा चोखंदळ. बॅच नंबर आणि एक्सपायरी ज्या टोकाला, ते टोक राखून दुसऱ्या बाजूने कात्री. सुट्या गोळ्या कागदी पाकिटात, पाकिटावर औषधाचं नाव, बॅच, मुदत आणि जेवणाआधी की नंतर. पाच रुपयांच्या मालाला इतका मजकूर! यात मागच्या चार माणसांची रांग गल्लीत उतरते आणि तिथून अण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होतो.

एक बाई दर महिन्याला येतात. "ती माझी छोटी पांढरी गोळी द्या." अण्णा शांतपणे मागच्या भिंतीकडे हात करतात, "यातली कुठली?" जुनं पाकीट दाखवल्याशिवाय ते कपाटाला हात लावत नाहीत. छोट्या पांढऱ्या गोळीने साखरही उतरते, रक्तदाबही उतरतो आणि झोपही लागते. कोणाचं काय उतरवायचं हे रंगावरून ठरवायची अण्णांची तयारी नसते.

पण खरे अण्णा बघायचे ते फ्रीजपाशी. इन्सुलिनला दोन ते आठ अंश सेल्सियस लागतं, म्हणून आत थर्मामीटर, दारावर तक्ता, आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून खाली सही. स्वतःचा दहीभाताचा डबा बाहेर, मे महिन्यातही. पोऱ्याने एकदा आत थंड पेयाची बाटली ठेवली, त्यावरून जे महाभारत घडलं ते पलीकडच्या गिरणीपर्यंत ऐकू गेलं. इन्सुलिन नेणाऱ्याची तर उलटतपासणीच: घर किती लांब? मध्ये कुठे थांबणार? भाजी घेणार? मग भाजी आधी घ्या, नंतर इकडे या. "आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलं की टाकून द्यायचं, वितळवून टोचायचं नाही." एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "अण्णा, तुम्हीच येऊन टोचून जा की."

धंदा म्हणाल तर बेताचा. मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, खोक्यावर 'विक्रीसाठी नाही' अशी पाटी; त्या पाटीखाली किती पैसे अडकलेत ते अण्णांच्या सौभाग्यवतींना विचारा. त्या सांगतील, तुम्ही थांबवेपर्यंत सांगतील.

माझं मत विचाराल तर दुकानदार म्हणून अण्णा साफ नापास. सर्दी-खोकल्याला शेजारी जाणारी गल्ली म्हातारीच्या हृदयाच्या गोळ्या मात्र त्यांच्याकडूनच आणते, आणि आणताना शिव्याही देते. तुम्ही कधी गेलात तर मूळ चिठ्ठी न्या. सुटे पैसेही न्या, कारण सुट्यांच्या बदल्यात अण्णा चॉकलेट देत नाहीत. तुम्हाला मधुमेह आहे की नाही, हे त्यांना माहीत नसतं.