बोटीची ट्रॉली कशी बदलावी (फक्त समता कॉलोनीकरिता)

ज्यांच्याजवळ बोट आहे आणि समुद्र नाही, अशा गृहस्थांकरिता हे मार्गदर्शन आहे. रायपुरातल्या समता कॉलोनीत असा माझ्या माहितीत एकच गृहस्थ आहे आणि तो माझा साडू आहे. पण शास्त्र हे शास्त्र. वाचक किती, यावर ते अडून राहत नाही.

आमच्या फाटकापासून पुरीचा समुद्र धरा किंवा विशाखापट्टणमचा, पाचशे किलोमीटरच्या पलीकडेच. मराठी माणूस या मुलखात आला तो मुळी घोड्यावरून. १७४१ साली भास्करपंत नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन रतनपुरावर चालून आले. १७५१ मध्ये ओरिसा हाती लागला, म्हणजे किनाराही लागला. पण आमच्या पूर्वजांनी तिथे गलबत बांधल्याचं काही ऐकिवात नाही. पाय धुतले असतील, चौथ मोजली असेल आणि परत फिरले असतील. ही पावणेतीनशे वर्षांची उणीव साडूंनी एकट्याने भरून काढायचं ठरवलं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका निवृत्त गृहस्थाकडून त्यांनी सोळा फुटी फायबरची बोट, चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आणि एक गंजकी ट्रॉली असा ऐवज आणला. ट्रॉली फुकट मिळाली, असं ते अजून सांगतात.

आता मार्गदर्शन. बोट पाण्यासाठी असते, हा गैरसमज आधी डोक्यातून काढावा. समता कॉलोनीतली बोट वर्षातून चार दिवस पाण्यात असते, तेही सगळं जमून आलं तर. बूढा तालाब आणि तेलीबांधा जवळ आहेत, पण तिथे स्वतःची मोटारबोट घेऊन जाण्याचा विचार मनात आणू नये. राहिलं गंगरेल. धमतरीच्या पुढे, नव्वदेक किलोमीटरवर, महानदीवरचं चौदा दरवाजांचं धरण. कागदोपत्री नाव रविशंकर सागर. परवानगी, सुट्टी, पाऊस आणि ताईंचा (म्हणजे साडूंच्या पत्नीचा) मूड या चार गोष्टी एकाच रविवारी जुळल्या तर बोट तिथे जाते. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस ती ट्रॉलीवर बसून असते. तेव्हा बोट निवडताना चूक झाली तर चालेल, ट्रॉली निवडताना होऊ नये.

जुनी ट्रॉली का गेली, याचं शवविच्छेदन नवी घेण्यापूर्वी करावं. आमची रस्त्यात गेली नाही, धरणावर गेली नाही. पोर्चमध्ये उभ्या उभ्या गेली. जुलैची रात्र होती आणि आभाळ फाटलं होतं. बोटीच्या बुडाशी मागच्या बाजूला पाणी वाहून जायला एक भोक असतं, त्याला प्लग असतो. बोट पाण्यात उतरवताना तो लावायचा आणि घरी आणली की काढायचा. साडूंनी तो मेमध्ये लावला तो काढलाच नाही. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला म्हणजे एक लिटर पाणी, एक लिटर म्हणजे एक किलो. बोटीचं तोंड धरा सहा चौरस मीटर. त्या रात्री शंभर मिलिमीटर पडला असेल तर सहाशे किलो झाले, म्हणजे एका बोटीत जवळजवळ दुसरी बोट. पहाटे चारला आवाज झाला. ॲक्सल मधोमध वाकला होता आणि एक चाक गुलमोहराकडे तोंड करून बसलं होतं. समोरचे शेठजी छत्री घेऊन बाहेर आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "भाईसाहब, पानी तो नाव के बाहर होना चाहिए ना?"

म्हणून पहिला नियम असा: ट्रॉलीचा पुढचा दांडा उचलून ठेवता येईल असं जॉकी-चाक तिला हवं. तोंड वर, बूड खाली, प्लग खिशात. आपल्याकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो फार करून चार महिन्यांत उरकतो. ट्रॉलीवर सर्वांत मोठं ओझं घरीच पडतं.

दुसरा विषय वजनाचा. विकणारा सांगतो ते वजन धरू नये. आम्ही कागदावर मांडलं: सांगाडा ३५० किलो, इंजिन १००, पन्नास लिटर पेट्रोल ३७ (पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, हे ऐकून साडूंना फार बरं वाटलं), बॅटरी २०, नांगर-दोर-लाइफ जॅकेटं मिळून ४०. बेरीज ५४७. मग बोट भाड्याच्या चार-शून्य-सातमध्ये अर्धी आत अर्धी बाहेर अशी चढवून धर्मकाट्यावर नेली. आमच्या पुढे स्पंज आयर्नचा ट्रक, मागे धानाचा. काट्यावरच्या पोराने पावतीपुस्तक उघडून विचारलं, "का नाँव हे?" त्याला गिऱ्हाइकाचं नाव हवं होतं. साडू मराठीत म्हणाले, "हो, नावच आहे." पावतीवर नावापुढे 'नाव' आणि मालापुढे 'अन्य' असं लिहून आलं. वजन निघालं ६४०.

हे त्र्याण्णव किलो आले कुठून? जुन्या फायबरच्या बोटीत दोन थरांमध्ये फोम भरलेला असतो, आतल्या चौकटी बहुधा लाकडी असतात. वर्षानुवर्षं पाणी मुरलं की ते स्पंजासारखं धरून ठेवतात आणि उन्हात ठेवूनही चटकन सोडत नाहीत. बहुतेक फरक त्याचा होता. बाकीचा फरक म्हणजे पुढच्या कप्प्यातलं पितळी घंगाळ. माळ्यावर मावत नाही म्हणून ताईंनी ते तिथे ठेवलं होतं. "बोट रिकामीच तर असते," त्या म्हणाल्या. यावर साडूंना उत्तर सुचलं नाही.

६४० किलोची बोट असेल तर ६४० पेलणारी ट्रॉली घेऊ नये. शे-सव्वाशे किलोची सवड ठेवावी, म्हणजे साडेसातशेची बघावी. शिवाय ट्रॉलीचं स्वतःचं सव्वादोनशे-अडीचशे धरा. एकूण नऊशेच्या घरात. युरोपात सर्व मिळून साडेसातशेच्या वर गेलं की ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. आपण युरोपात नाही, पण अभनपूरजवळ आडवी येणारी म्हैस हे विचारत नाही. ब्रेक घ्यावा. गाडी थांबली की ट्रॉली पुढे रेटते आणि त्याच रेट्याने तिचा ब्रेक लागतो, अशी ती युक्ती असते.

इथे रायपूरकराला जो मोह होतो तो सांगितलाच पाहिजे. पाणी दूर आहे, पण लोखंड दाराशी आहे. सिलतरा-उरल्याच्या रोलिंग मिल, पलीकडे भिलाई. ट्रकचा कुठलाही भाग टाटीबंधला. त्यामुळे 'विकत कशाला, करून घेऊ' हे वाक्य चहा संपायच्या आत कोणीतरी बोलतंच. आमचा वेल्डर तर पेटूनच उठला. "भैया, अइसन मजबूत बनाहूँ के हाथी घलो बइठ जाही!" त्याने सांगितलेला चॅनल जोखला तेव्हा ट्रॉली बोटीपेक्षा जड भरली. ओढायला बोलेरोऐवजी खरोखर हत्तीच लागला असता. वर तो ट्रॅक्टरसारखी हूक-पिन लावायला निघाला होता. त्या जोडाला जी ढिलाई असते ती शेतात चालते. हायवेवर प्रत्येक ब्रेकला मागून धक्का बसतो. गाडीला पन्नास मिलिमीटरचा गोळा आणि ट्रॉलीला त्याच मापाची वाटी, असंच असावं. मापं वेगळी असली तरी वाटी गोळ्यावर बसल्यासारखी वाटते आणि पहिल्या मोठ्या गतिरोधकापर्यंत बसतेही. खाली दोन साखळ्या, एकमेकींना छेद देऊन लावलेल्या. वाटी सुटलीच तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

(भिलाईच्या कारखान्याला पाणी गंगरेलचंही जातं. म्हणजे गंगरेलच्या पाण्यावर झालेलं लोखंड घेऊन, त्याची ट्रॉली करून, तिच्यावर बोट घालून आपण गंगरेललाच जातो. साडूंना हे सांगितल्यावर ते दोन दिवस गप्प होते.)

बोट कशावर टेकवायची यावर दोन पंथ आहेत. एक रोलरवाले, दुसरे फळीवाले. रोलरवर बोट सुरकन घसरते, उताराला ढाळ कमी असला तरी चढवायला सोपी जाते. पण सगळा भार मोजक्या टेकूंवर येतो. गालिचा ठोकलेल्या लांब फळ्यांवर भार पसरतो. ज्याची बोट रोज पाण्यात जाते त्याने रोलर घ्यावेत. ज्याची तीनशे एकसष्ट दिवस पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बसून असते, त्याने मुकाट्याने फळ्या घ्याव्यात. फळी थेट मागच्या भिंतीपर्यंत, म्हणजे इंजिन टांगलेलं असतं तिथवर पोचली पाहिजे. वीतभर जरी आखूड पडली तर शंभर किलोचं इंजिन अधांतरी राहतं आणि बुडाला पोक येतो. अशी बोट पुढे कधीच सरळ धावत नाही.

आता ज्याच्यावर मी पैजेने बोलेन तो विषय: बेअरिंग. नव्वद किलोमीटर पळून हब तापतो. तसाच तो गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि हब पाणी ओढून घेतो. ग्रीसची लापशी होते आणि परतीच्या वाटेवर कुरूदच्या आसपास चाक किंचाळायला लागतं. उपाय दोन. स्प्रिंगने ग्रीस दाबून धरणारी टोपणं लावणं हा पहिला. धरणावर पोचल्यावर अर्धा तास काही न करणं हा दुसरा. मी सुचवलेल्या तांत्रिक गोष्टींपैकी साडूंच्या कुटुंबाने एकमताने स्वीकारलेली ही एकमेव. त्या अर्ध्या तासात पोहे, जलेबी आणि एकदा अंगारमोतीचं दर्शनसुद्धा झालं आहे. तेवढ्यात दिव्यांची वायरही काढून ठेवावी.

टायरच्या नक्षीवर जाऊ नये. ट्रॉलीचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ असेल तर तो २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. आम्हाला 'बिलकुल नवा' म्हणून दाखवलेला टायर माझ्या पुतण्याच्या मुंजीच्या आधीचा निघाला.

दांड्यावरचा भार हा नाजूक मामला. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन पुढे गोळ्यावर यावं. आमच्या हिशोबात पंचेचाळीस ते नव्वद किलो. कमी पडलं तर ट्रॉली मागे शेपूट हलवायला लागते आणि वेग वाढवला की गाडीलाही नाचवते. जास्त झालं तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात. मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो: सपाट जमीन, काट्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर दांडा. काटा कोणाचा आहे हे आधी बघावं. आमच्याकडे तो ताईंचा होता, आणि आता सकाळी त्या त्याच्यावर उभ्या राहिल्या की आठ किलो कमी दाखवतो. त्यामुळे या एका प्रयोगाबद्दल घरात तक्रार नाही.

कागद. १९८८ च्या मोटर वाहन कायद्यात 'मोटर वाहना'च्या व्याख्येत ट्रेलरही बसतो. मोटर नसलेलं मोटर वाहन. म्हणजे नोंदणी आली, सीजी ०४ आली. ट्रॉलीचा क्रमांक तिच्या अंगावर आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक तिच्या पाठीवर. घरी जोडलेल्या ट्रॉलीचं घोडं बहुधा इथेच अडतं. बोटीला वेगळा कायदा, २०२१ चा. त्याआधीचा १९१७ चा होता. या सगळ्याचा एक फायदा झाला. दसऱ्याला ट्रॉलीला झेंडूची माळ घालावी की नाही, हा वाद कायद्याने मिटवला. ती वाहन आहे. शिवाय छत्तीसगडात दसऱ्याला सोनं वाटायची रीत बिंबाजी भोसल्यांनी पाडली असं सांगतात, तेव्हा त्या दिवशी आपला थोडा हक्कही आहे.

शेवटी गल्ली. बोटीसकट ट्रॉली एकवीस फूट, बोलेरो तेरा फूट, आमचा पोर्च अठरा. पुढचा दांडा बिजागरीवर बाजूला दुमडणारी ट्रॉली मिळते, तीनेक फूट वाचतात. ती घ्यावी, चार पैसे जास्त गेले तरी. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रॉलीचं बूड जातं. वर हात धरला की सगळं उलटं. साडूंना हे पटायला दोन रविवार आणि शेठजींची एक तुळस गेली.

या सगळ्या कसोट्यांना उतरलेली ट्रॉली राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात आली. ब्रेक, फळ्या, दुमडता दांडा, कोरे टायर. कॉलोनीतली सगळी पोरं पाहून गेली. पोरांमागून गणेशोत्सव समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी फळ्यांवरून हात फिरवला, साखळ्या ओढून पाहिल्या, ब्रेक कसा लागतो ते समजून घेतलं. इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस साडूंना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. मग अध्यक्षांनी विचारलं, "काका, साडेसातशे किलो उठा लेगी ना? मूर्ति पाँच सौ की है, बाकी लड़के बैठेंगे."

अनंत चतुर्दशीला ट्रॉली महादेव घाटाच्या विसर्जन कुंडापर्यंत जाऊन आली. खारूनच्या पुलाआधीच्या उतारावर ती जराही डोलली नाही. मूर्ती दांड्याकडे एक वीत सरकवून बसवायला मीच सांगितलं होतं. पुढच्या वर्षाचं बुकिंग तिथेच झालं, आणि नवरात्रात दुर्गेचं.

बोट सध्या विटांवर आहे. प्लग काढलेला आहे, मी स्वतः पाहिलं.