खारपाणातला माणूस कॅटमरानवर

अकोल्याच्या जठारपेठेत घर, अकोट नाहीतर दर्यापूर तालुक्यात वडिलोपार्जित शेती, पुण्यात नोकरीला मुलगा आणि गुडघ्यात नुकतीच सुरू झालेली कुरकुर, एवढी मालमत्ता ज्याच्या नावावर आहे त्या गृहस्थाला आपण भाऊसाहेब म्हणू. हे भाऊसाहेब एक नव्हेत, पुष्कळ आहेत. कुणी बँकेतून निवृत्त झालेले असतात, कुणी पाटबंधारे खात्यातून, कुणी पंजाबराव कृषी विद्यापीठातून. हिवाळा लागला की ते नागपूर–मडगाव गाडीनं सहकुटुंब गोव्याला उतरतात आणि मुलानं मोबाइलवर आधीच पैसे भरून ठेवलेल्या अर्ध्या दिवसाच्या कॅटमरानमध्ये चढतात. डॉल्फिन, बेट, जेवण आणि परत, असा तो कार्यक्रम असतो. बोटीवरच्या त्यांच्या वागण्यावरून मुलाचं, सुनेचं आणि बहुतेक सहप्रवाशांचं एकमत झालेलं आहे की वऱ्हाडच्या माणसाला समुद्र बघता येत नाही. मला हे मत मान्य नाही. बोटीवर चाळीस माणसं असतील तर त्यातली एकोणचाळीस देखावा बघत असतात; पाण्याकडे पाणी म्हणून बघणारे भाऊसाहेब एकटेच असतात, आणि ते हास्यास्पद दिसतात ते एवढ्यासाठीच.

पुरावा त्यांच्या शेतातल्या विहिरीपासून सुरू करावा लागतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. वरून पाहावं तर काळीभोर, कुणालाही हेवा वाटेल अशी जमीन. खाली विहीर खणावी तर पाणी खारट; पिकाला दिलं तर माती आणखी बिघडते, आणि माणसाच्या तर ते घशाखाली उतरत नाही. या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं नाव दर्यापूर असावं आणि खरा दर्या तिथून चारशे किलोमीटरांहून लांब असावा, ही गंमत कुणी मुद्दाम केलेली नसली तरी जमून गेलेली आहे. १९३० साली देश मिठासाठी किनाऱ्याकडे निघालेला असताना वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडला. समुद्र नसताना दांडी उरकणारा हा मुलूख. त्यात शेजारी लोणारचं खारं सरोवर आहेच. तेव्हा बोटीच्या कठड्यावरून हात खाली घालून सूनबाई बोट चाटते आणि “बाबा, केवढं खारट आहे हो!” म्हणून चीत्कारते, तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही यात नवल काय? ते शांतपणे म्हणतात, “खारंच पानी पाहाचं होतं तं दर्यापूर काय वाईट होतं?” लोक याला अरसिकपणा म्हणतात. आयुष्यभर ज्यानं गोड्या पाण्याचा शोध घेतला त्याला खारट पाणी पैसे देऊन दाखवायला नेणं, हा अरसिकपणा कुणाचा, हे मात्र कुणी विचारत नाही.

दुसरं असं की जठारपेठेत पाणी हा बघण्याचा विषयच नव्हे, मोजण्याचा आहे. शहराचं पाणी महानहून येतं, म्हणजे काटेपूर्णा धरणातून. त्या धरणाचा उपयुक्त साठा ८६ दशलक्ष घनमीटरांच्या आसपास. पण हा आकडा पाठ असणं म्हणजे काही विशेष नाही. विशेष हे की आज त्यातले टक्के किती उरले, हे जठारपेठेतला माणूस सकाळच्या पेपरात सोन्याच्या भावाआधी बघतो. गावाकडचे नातेवाईक वान धरणाच्या ८४ खेडी योजनेवर नाहीतर खांबोऱ्याच्या ६४ खेडी योजनेवर. ज्या समाजात गावांची ओळख पाण्याच्या योजनेच्या आकड्यानं होते, तिथला माणूस अरबी समुद्राकडे पाहून पहिला प्रश्न काय विचारणार? “हे किती दलघमी असंल?” हा विनोद नाही, हा व्यवसायनिष्ठ प्रश्न आहे. पुढचा प्रश्न ओहोटीबद्दल असतो. एवढं पाणी रोज दोनदा किनारा सोडून जातं आणि कुणी अडवत नाही, हे त्यांना पटत नाही. आणि तांडेलानं सहज सांगितलं की इकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, की अकोल्याचे आठशेच्या आतबाहेरचे मिलिमीटर आठवून भाऊसाहेबांची प्रमाण मराठी सुटते. (ती पाण्याच्या विषयावर नेहमीच सुटते, बँकेच्या विषयावर टिकते.) “सारा पाऊस तुमीच पाडून घेता अन् आमच्याकडे रिकामे ढग धाडता, राजेहो!” तांडेल हसतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याची अरबी समुद्रावरची शाखा सह्याद्री चढताना नेमकं हेच करते.

बोटीच्या रचनेबाबत तर भाऊसाहेबांचं आकलन इतरांपेक्षा सरसच म्हणावं लागेल. कॅटमरान हा शब्द परदेशी वाटला तरी मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. हल्लीची कॅटमरान म्हणजे दोन अरुंद तळ अंतर ठेवून समांतर जोडायचे आणि वर एकच माळा टाकायचा. पाया रुंद झाला की डुलणं कमी होतं. एकोणचाळीस प्रवाशांना हे कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यांनी विचारलेलंही नसतं. भाऊसाहेब मात्र धक्क्यावर उभे राहून, खाली वाकून, तळ दोन आहेत याची खात्री करून घेतात आणि मंडळींना सांगतात, “बैलजोडी हाय हे. एका बैलाची बंडी लवंडते, जोडीची नाई लवंडत.” नौकाबांधणीच्या पुस्तकात हेच चार आकृत्या काढून समजावलेलं असतं. मग ते इंजिनाकडे जातात, कारण इंजिन ही समुद्रावरची एकमेव ओळखीची वस्तू. “काहो भाऊ, तासाले किती डिझेल पेते?” शेतातल्या पंपाला लागणारं डिझेल त्यांना तोंडपाठ असतं. आकडा मिळाला की त्याला डिझेलच्या भावानं गुणलं जातं, त्यात दोन पोरांचा रोज मिळवला जातो, चाळीस माणसांच्या तिकिटातून तो वजा होतो, आणि बोट आग्वादचा किल्ला ओलांडेपर्यंत मालकाचा नफा काढून झालेला असतो. किल्ला बघायचा राहून जातो, हे खरं.

डॉल्फिनचा प्रसंग जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण तिथे त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत, अशी जाहिरात या धंद्यात सर्रास असते, आणि भाऊसाहेबांनी चढण्यापूर्वी ती दोनदा वाचलेली असते. आता या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, कोकणातला गादा. तो सिनेमातल्यासारखा उंच उडी मारून गोल फिरत नाही. श्वास घ्यायला वर येतो, करडी पाठ आणि पाठीवरचा पर दाखवतो आणि खाली जातो. बोटभर “तो बघा, तो बघा” होतं, सगळ्यांचे मोबाइल जिथे तो नुकताच होता तिथे वळतात, आणि तांडेल समाधानानं बोट पुढे काढतो. इथे भाऊसाहेब हरकत घेतात. दिसली ती पाठ. तोंड दिसलं नाही, शेपटी दिसली नाही. मग डॉल्फिन दिसला असं धरायचं की नाही? सूनबाई लाजेनं पलीकडच्या तळावर जाऊन उभी राहते. पण या माणसानं पीकविम्याचे अर्ज भरलेले आहेत. तेव्हा गारपीट झाली तर ७२ तासांच्या आत कळवायचं असे, पंचनामा व्हायचा, नुकसान किती टक्के ते ठरायचं, आणि मग समजायचं की आपलं मंडळ त्यात बसत नाही. डोळ्यांसमोर आडवा झालेला हरभरा कागदावर उभाच असू शकतो, हे ज्यानं सोसलं आहे त्यानं पाठीवरून पूर्ण डॉल्फिन का मान्य करावा? विमा कंपनीनं तरी केला असता का?

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ असतो: हा सगळा कंजूषपणा आहे, पाण्याचं तत्त्वज्ञान कशाला जोडता? आक्षेप घेणाऱ्यानं जठारपेठेतलं एखादं लग्न पाहिलेलं नसावं. ज्या घरात पंगतीला तिसऱ्यांदा जिलबी न घेणाऱ्या पाहुण्याचा अपमान झाला असं समजतात, तिथल्या माणसाला पैशाचा मोह सांगू नये. याच बोटीवर मंडळींनी स्टीलच्या डब्यातून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाचा ठेचा अनोळखी बंगाली कुटुंबापर्यंत पोचलेला असतो, तोही आग्रहानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खर्चाला ना नाही. हिशेब न कळता झालेल्या खर्चाला ना आहे. दुसरा आक्षेप भित्रेपणाचा. लाइफ जॅकेटच्या क्लिपा ते तीनदा ओढून बघतात, उन्हात ते काढत नाहीत, स्नॉर्कलिंगला उतरत नाहीत. पण पोहणं त्यांना येतं. पाठीला डबा बांधून ते विहिरीत शिकलेलं पोहणं आहे, आणि विहिरीत कुठूनही चार हात मारले की दगड हाताला लागतो. काठ नसलेल्या पाण्यावर विश्वास ठेवायला त्यांना कुणी शिकवलं नाही. आणि जॅकेटबद्दल हसायचं असेल तर १८ डिसेंबर २०२४ आठवावा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं बुडाली, आणि त्यानंतर तिथल्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. त्या बाबतीत जठारपेठ नियमाच्या पुढे होती, एवढंच म्हणतो.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे तर सगळेच करतात; किंमत, भीती, डबा यात वऱ्हाडी असं काय? मान्य, डबा सगळेच काढतात. पण मांडव्याच्या कॅटमरानमध्ये मुंबईकर लोकलमध्ये झोपावा तसा झोपतो. पुणेकराला बोटीवरच्या सूचनाफलकातलं शुद्धलेखन खटकतं. नागपूरकर फुटाळा तलावाचा विषय काढतो. हे तिघेही आपापलं गाव बोटीवर घेऊन येतात, समुद्राशी त्यांना कर्तव्य नसतं. भाऊसाहेबांचं भांडण थेट समुद्राशी असतं, आणि त्यातला एक मुद्दा तर शास्त्रशुद्ध आहे. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि खिडकीत वाळ्याचा कूलर, यावर तो काढला जातो. गोव्यातल्या ऊन लागू नये म्हणून फासायच्या मलमाकडे ते म्हणूनच करुणेनं बघतात. बत्तीस अंश म्हणजे त्यांच्या लेखी पहाट. पण घाम मात्र थांबत नाही. कूलर थंडावा देतो तो कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते म्हणून. इथली हवा आधीच वाफेनं भरलेली, तिथे ना कूलर चालतो ना घाम वाळतो. चहूकडे पाणी आणि तरी गारवा नाही. “इतकं सारं पानी, अन् एक घोट कामाचा नाई, एक झुळूक कामाची नाई!” हे वाक्य सूनबाई मैत्रिणींना नक्कल करून दाखवते. त्यातला एक शब्द कुणी खोडून दाखवावा.

त्यांचे दोष मी लपवत नाही. ते फार बोलतात. बोट परतीला लागल्यावर, दोन्ही तळांवरची माणसं उन्हानं आणि जेवणानं गप्प झालेली असताना, ते शेततळ्याच्या अस्तराच्या प्लास्टिकबद्दल बोलत असतात, आणि ज्याला पळायला जागा नाही अशा श्रोत्याला धरून बोलतात. सूर्य पाण्यात उतरताना त्याकडे पाठ करून बसलेला माणूस म्हणजे तेच. म्हणूनच शेवटचा आक्षेप, की सौंदर्यदृष्टीच नाही या माणसाला, हा मला बराच काळ बिनतोड वाटे. त्याचं उत्तर गोव्यात मिळत नाही, मालवणला मिळतं.

गोव्याहून परतताना अशी कुटुंबं एखादा दिवस मालवणला थांबतात. तिथे कॅटमरान नसते. धक्क्यावरून साधी बोट सिंधुदुर्गावर नेते आणि परतीची वेळ बांधून देते. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. लोक तट बघतात, महाराजांच्या हातापायाचे ठसे बघतात, मंदिर बघतात. भाऊसाहेब कुणाला तरी विचारून तिसरीकडेच वळतात. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या या बेटावर तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, आणि तिन्हींचं पाणी गोडं आहे. पावसाचं पाणी खडकात मुरतं, खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं त्याच्या वरच राहतं, हे भूजलशास्त्र भाऊसाहेबांना ठाऊक असतं. तरीही ते कठड्यावर दोन्ही हात टेकून वाकतात आणि बोलायचे थांबतात. चार तासांच्या कॅटमरानमध्ये एकदाही बाहेर न आलेला मोबाइल खिशातून निघतो. विहिरीचे सात फोटो निघतात, त्यातल्या तिनांत बोट आलेलं असतं. मंडळी, मुलगा, सून, कुणी त्यात नसतं. नुसती विहीर आणि तळाशी पाण्याचा काळा गोल. खालून बोटवाला हाका मारतो, सूनबाई हातवारे करते, आणि भाऊसाहेब उभ्या उभ्या ते फोटो जठारपेठेतल्या सकाळी फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. मुलानं काढलेल्या डॉल्फिनच्या फोटोला तिथे कुणी अंगठासुद्धा दाखवला नव्हता. याला बोट धक्क्याला लागायच्या आत उत्तर येतं:

“किती फुटावर लागलं?”